खाली लाव्हा, वर हत्ती, मधे लिफ्ट!

लिफ्टमध्ये शिरलात की पहिली नजर कुठे जाते? मजल्याच्या आकड्याकडे. पण या लिफ्टला मजल्यांशी काही देणंघेणंच नाही! ती तुम्हाला थेट समुद्रसपाटीपासूनची उंची सांगते, तीही फुटांत. खाली ४५०, वर ६९३. बस्स, दोनच थांबे!

मंडळी, वेलकम टू वॉशिंग्टन पार्क स्टेशन!

आता लगेच डोळ्यांसमोर व्हाइट हाउस आणू नका. हे स्टेशन ना वॉशिंग्टन डीसीत आहे, ना वॉशिंग्टन राज्यात. ते आहे ऑरेगन राज्यातल्या पोर्टलंड शहरात. तिथल्या लाइट रेलचं नाव 'मॅक्स', आणि मॅक्सच्या अख्ख्या जाळ्यातलं हे एकमेव अंडरग्राउंड स्टेशन. एकच बांधलं, पण काय बांधलंय!

किती खोल? अहो, किती खोल!

२६० फूट. म्हणजे ७९ मीटर. म्हणजे २६ मजली इमारत उलटी करून जमिनीत गाडली, तर तिच्या गच्चीवर हा प्लॅटफॉर्म! उत्तर अमेरिकेतलं सर्वांत खोल ट्रान्झिट स्टेशन म्हणून याचा डंका वाजतो.

पुणेकरांनो, तुमचं सिव्हिल कोर्ट मेट्रो स्टेशन आठवा. सुमारे ३३ मीटर खोल, देशातल्या सर्वांत खोल मेट्रो स्टेशनांमध्ये त्याची गणना होते, आणि त्याच्या सरकत्या जिन्यांवर उभं राहिलं की आपण पाताळात निघालोय असं वाटतं. पोर्टलंडचं पाताळ त्याच्या दुपटीहून खाली आहे!

मग सरकते जिने किती असतील? शून्य! इथे चार हायस्पीड लिफ्ट आहेत. आत शिरा, दार लागू द्या, मोबाइलवर मेसेज टाइप करायला घ्या... आणि मेसेज पूर्ण व्हायच्या आत वर! अर्धं मिनिटही लागत नाही.

जगाचा रेकॉर्ड मात्र दुसरीकडे आहे. युक्रेनची राजधानी कीव्हमधलं आर्सेनाल्ना स्टेशन १९६० पासून १०५.५ मीटरवर ठाण मांडून बसलं होतं. २०२२ मध्ये चीनमधल्या चोंगछिंगच्या होंगयानत्सुन स्टेशननं ११६ मीटर गाठले आणि मुकुट पळवला.

आणि आता खरी गुगली. माहीत आहे का, एवढं खोल असूनही पोर्टलंडचं हे स्टेशन समुद्रसपाटीपासून चांगलं सव्वाशे मीटरहून जास्त उंचीवर आहे? कारण ते टेकडीच्या पोटात आहे! पाताळही उंचावर असू शकतं, ते असं.

लाइट म्हणजे वजनाला नव्हे!

लाइट रेल म्हणजे मेट्रो आणि ट्राम या दोघींच्या मधली बहीण. जागा मोकळी मिळाली की सुसाट धावते, शहरात आली की रस्त्यावरून, सिग्नल पाळत, माणसांच्या गर्दीतून शहाण्यासारखी चालते. या टेकडीखालच्या बोगद्यात मॅक्स ताशी ५५ मैल, म्हणजे जवळपास ८८ किलोमीटरनं पळते. बाहेर पडून डाउनटाउनमध्ये शिरली की तीच गाडी सायकलवाल्यांशी जुळवून घेते!

मॅक्सच्या गाडीला डबे किती? फक्त दोन! का? पैसे नव्हते म्हणून? अजिबात नाही. पोर्टलंडच्या डाउनटाउनमधले चौक फार जवळ जवळ आहेत, एका चौकापासून पुढच्या चौकापर्यंतची इमारतींची रांग जेमतेम २०० फुटांची. तिसरा डबा जोडला, तर स्टॉपवर थांबलेल्या गाडीची शेपटी मागच्या चौकात अडकेल आणि ट्रॅफिकची वाट लागेल. एकोणिसाव्या शतकात आखलेले रस्ते आजच्या गाडीची लांबी ठरवतात. शहराची जुनी आखणी किती दूरवर हात पोचवते बघा!

आणखी एक पहिला नंबर: जमिनीलगत फरशी असलेले, पायरी न चढता आत शिरता येणारे लाइट रेलचे डबे उत्तर अमेरिकेत सर्वप्रथम धावले ते पोर्टलंडमध्येच, १९९७ साली. व्हीलचेअर असो की बाबागाडी, सरळ आत. मला विचाराल तर २६० फुटांच्या रेकॉर्डपेक्षा हा रेकॉर्ड मोठा आहे. त्यातून रोज कितीतरी माणसांचा दिवस सोपा होतो.

खडकाची जन्मपत्रिका

आता जरा थांबा, कारण या स्टेशनची जान इथे आहे.

बोगदा खणण्यापूर्वी इंजिनीअर टेकडीत वरून खाली एक भोक पाडतात आणि आतल्या दगडाचा लांबच लांब गोल तुकडा बाहेर काढतात, अगदी उसाच्या कांड्यासारखा. काम झालं की असे नमुने खोक्यांत जातात आणि विस्मरणात जमा होतात. पोर्टलंडकरांनी काय केलं? तो आख्खा २६० फुटी नमुना प्लॅटफॉर्मच्या भिंतीलगत आडवा मांडून ठेवला! सोबत काळरेषा कोरली. गाडीची वाट बघता बघता चालत राहा, आणि तुम्ही लाखो वर्षं मागे जाता.

सुरुवातीला हिमयुगात वाऱ्यानं आणून टाकलेली बारीक माती. मग तुलनेनं तरुण ज्वालामुखींचा लाव्हा. आणि मग सगळ्यांचा आजोबा: सुमारे १ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा कोलंबिया रिव्हर बेसाल्ट. हा लाव्हा शेकडो किलोमीटर पूर्वेला जमिनीच्या भेगांतून उसळला आणि वाहत वाहत पार प्रशांत महासागरापर्यंत पोचला.

बेसाल्ट म्हटल्यावर कान टवकारले ना? टवकारायलाच हवेत! अहो, हा तर आपला काळा कातळ! सह्याद्री याचाच, वेरूळचं कैलास लेणं याच्यातच कोरलेलं. वयात मात्र आपण सीनियर. दख्खनचा लाव्हा सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा, डायनोसॉरच्या अखेरच्या काळातला. पसारा पाहिला तरी आपण पुढे: कोलंबियाचा बेसाल्ट सुमारे २ लाख १० हजार चौरस किलोमीटरवर, आपला सुमारे ५ लाखांवर. पृथ्वीवरच्या अशा महापुरी लाव्हांच्या घराण्यात पोर्टलंडवाला शेंडेफळ आहे.

मुंबईच्या भुयारी मेट्रो-३ साठी आपणही हाच कातळ मैलोन् मैल पोखरला. तसा एक नमुना एखाद्या स्टेशनात मांडला तर शाळेच्या सहली खास प्लॅटफॉर्म बघायला येतील. मनापासून सांगतो, हे व्हायलाच हवं!

पायचा पाय घसरला!

गणितवाले, पुढे या. पोर्टलंडच्या त्याच भिंतीवर पायची किंमतही कोरली आहे. ३.१४१५९२६५३५... इथपर्यंत झक्कास. दशांशचिन्हापुढची दहा घरं बरोबर. पुढे यायला हवेत ८९७९३२३८४६. पण भिंतीवर भलतेच आकडे!

झालं काय, तर संदर्भाच्या पुस्तकात पायचे आकडे दहा-दहाच्या गटांत छापले होते. वाचायचे होते आडवे, उतरवले गेले उभे. आणि मग ते दगडात कायमचे बसले. तेव्हापासून गणितप्रेमी प्रवासी मुद्दाम इथे उतरून चूक शोधतात. दगडावरची रेघ म्हणतात ती हीच!

बोअर झालं नाही ना?

या बोगद्याचं नाव रॉबर्टसन टनेल. जवळपास पावणेपाच किलोमीटर लांब, दोन नळ्या शेजारी शेजारी. एका बाजूनं महाकाय टनेल बोअरिंग मशीन खणत निघालं, दुसऱ्या बाजूनं सुरुंग. मशीनचं नाव काय ठेवलं असेल? 'बोअर-रिगार्ड'! बोरगार्ड हे फ्रेंच वळणाचं जुनं नाव आणि बोअर म्हणजे भोक पाडणं, अशी मस्त कोटी. पण या बोअरोबांना वाटेत तडे गेलेला, भुसभुशीत खडक लागला आणि स्वारी अडकली. कामाला चांगलाच उशीर झाला.

आणि तो मघाचा तरुण लाव्हा? त्याचं शास्त्रीय नाव 'बोअरिंग लाव्हा'! पोर्टलंडजवळ बोअरिंग नावाचं खरंखुरं गाव आहे, विल्यम हॅरिसन बोअरिंग या रहिवाशाच्या नावावरून पडलेलं. माहीत आहे का, या गावानं २०१२ मध्ये स्कॉटलंडच्या 'डल' गावाशी मैत्री जोडली? पुढे ऑस्ट्रेलियातलं 'ब्लँड' त्यांना येऊन मिळालं. कंटाळवाणं, निस्तेज आणि बेचव: जगातलं सर्वांत मजेदार त्रिकूट!

लिफ्टचं दार उघडलं की...

...समोर जंगल, बाजूला प्राणिसंग्रहालय! टेकडीवर वसलेलं हे वॉशिंग्टन पार्क म्हणजे उद्यानांचा कॉम्बो पॅक आहे. ऑरेगन झू, वृक्षसंग्रहालय, वनसंपदेचं म्युझियम, जपानी बाग, गुलाबांची बाग. सगळं फिरवायला मोफत शटल बस. शिवाय उद्यानाच्या बाजूनं शहरात उतरणारी ६३ नंबरची बस वर्षानुवर्षं लोकांच्या ओळखीची.

गुलाबांच्या बागेची कुळकथा तर सिनेमाला शोभेल. पहिलं महायुद्ध पेटलं होतं. बॉम्बवर्षावात युरोपातल्या गुलाबांच्या जाती नष्ट होतील या भीतीनं १९१७ साली पोर्टलंडमध्ये ही बाग उभी राहिली. निर्वासित गुलाबांचं घर! आज तिथे दहा हजारांहून जास्त झुडपं आहेत.

चालायला आवडतं? स्टेशनापासून काही पावलांवर 'वाइल्डवुड ट्रेल' ही पायवाट सुरू होते. लांबी? सुमारे ४८ किलोमीटर! ट्रेनमधून उतरून थेट ट्रेलवर, मधे गाडी नाही, पार्किंग नाही, कटकट नाही.

झूचा जन्म झाला एका औषधाच्या दुकानामुळे! रिचर्ड नाइट नावाच्या फार्मसिस्टनं दर्यावर्दी मित्रांकडून प्राणी जमवायला सुरुवात केली. अस्वलं सांभाळणं झेपेना, तेव्हा १८८८ साली त्यानं ती शहराला देऊ केली. गोळ्या-औषधांसोबत अस्वल, असं दुकान पुन्हा होणे नाही.

आणि पॅकी! १४ एप्रिल १९६२ रोजी इथे जन्मलेलं हत्तीचं पिल्लू. पश्चिम गोलार्धात ४४ वर्षांत जन्मलेलं पहिलं! 'लाइफ' मासिकानं त्याच्यासाठी तब्बल ११ पानं दिली. हा पॅकी ५४ वर्षं जगला. २०१७ मध्ये तो गेला तेव्हा सगळं शहर हळहळलं.

याच झूमध्ये २००८ साली आणखी एक पिल्लू आलं. त्याचं नाव? समुद्र! होय, अगदी हेच. प्रशांत महासागराच्या बाजूच्या राज्यात एक हत्ती 'समुद्र' या हाकेला ओ देतो, हे वाचून मराठी माणसाला भरून येणारच.

झूची स्वतःची चिमुकली रेल्वेही आहे, रुळांमधलं अंतर फक्त ३० इंच. पूर्वी ती थेट गुलाबांच्या बागेपर्यंत जायची. हिच्या कीर्तीचं कारण मात्र पोस्ट! गाडीत टाकलेल्या पत्रावर रेल्वेचा स्वतःचा शिक्का बसायचा. अमेरिकेत ठिकठिकाणची रेल्वे टपालसेवा बंद पडत गेली, पण या खेळण्यासारख्या गाडीनं ती सर्वांत शेवटपर्यंत अखंड चालवली. लय भारी!

चार 'टी', एक भ्रमंती

आता कनेक्शनचा कळस. एकाच दिवसात चार प्रकारे फिरायचंय? पोर्टलंडनं त्यासाठी खास सर्किट आखलंय: 'फोर-टी'. ट्रेल, ट्राम, ट्रॉली, ट्रेन!

ट्रेननं वॉशिंग्टन पार्क स्टेशनला या. तिथून ट्रेलनं साधारण साडेसहा किलोमीटर चाला. वाटेत काउन्सिल क्रेस्ट हा शहरातला सर्वोच्च माथा, आकाश साफ असेल तर बर्फाच्छादित शिखरांचं दर्शन. पुढे हॉस्पिटल असलेल्या टेकडीवरून ट्राम धरा.

पण थांबा, ही ट्राम हवेत उडते! पोर्टलंड एरियल ट्राम म्हणजे रोपवे. २००७ मध्ये सुरू झालेला, सुमारे एक किलोमीटर लांब, चार मिनिटांचा प्रवास. डबे दोनच, आणि त्यांना नावं आहेत: जीन आणि वॉल्ट! जीन रिचर्डसन या ऑरेगन स्टेट युनिव्हर्सिटीतून इंजिनीअरिंगची पदवी घेणाऱ्या पहिल्या महिला. वॉल्ट रेनॉल्ड्स हे हॉस्पिटलच्या त्याच टेकडीवरच्या वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेणारे पहिले आफ्रिकन-अमेरिकन. डब्यांना क्रमांक देऊन भागलं असतं. या शहरानं दोन माणसांचा मान राखला. शाब्बास!

खाली उतरलात की ट्रॉली, म्हणजे पोर्टलंड स्ट्रीटकार. २००१ पासून धावणारी. ती डाउनटाउनात सोडते आणि तिथून पुन्हा मॅक्स. वर्तुळ पूर्ण, पायांना दुखणं, मनाला दिवाळी!

पुलांची चंगळ

पूर्वेकडे जाणारी मॅक्स स्टील ब्रिज ओलांडते. १९१२ चा हा दुमजली पूल जगात एकमेव आहे. वरच्या मजल्यावर मोटारी आणि मॅक्स, खाली मालगाड्या आणि लांब पल्ल्याच्या रेल्वे. छोटी बोट आली तर फक्त खालचा मजला उचलला जातो आणि वरच्याच्या पोटात सरकतो, वरची वाहतूक चालूच! मोठं जहाज आलं की दोन्ही मजले वर. स्वतंत्रपणे उचलता येणारे दोन मजले असलेला दुसरा पूल कुठेच नाही.

थोडं दक्षिणेला तिलिकम क्रॉसिंग. ट्रेन चालते, बस चालते, सायकल चालते, माणसं चालतात. मोटार? नो एन्ट्री! रात्री पुलावरचे दिवे रंग बदलतात आणि तो रंग ठरवते खालची नदी: पाण्याचा वेग, पातळी, तापमान. नदीचा मूड पुलावर उमटतो.

नदीकाठच्या रस्त्यावर दुभाजकात आहे मिल एंड्स पार्क. व्यास दोन फूट! जगातलं सर्वांत छोटं उद्यान म्हणून गिनीजनं १९७१ मध्ये नोंद केली. २०२५ मध्ये जपानच्या नागाइझुमीतल्या त्याहून पिटुकल्या उद्यानानं हा मान खेचून नेला.

ट्रेन टू प्लेन

वॉशिंग्टन पार्कवर दोन रंगांच्या गाड्या थांबतात, ब्लू आणि रेड. ब्लू लाइनचं पश्चिम टोक हिल्सबरो. तिथे इंटेलचे अवाढव्य कॅम्पस आहेत, आणि म्हणूनच हिल्सबरो-बीव्हरटनच्या पट्ट्यात भारतीय घरं भरपूर, त्यात आपली मराठीही. याच लाइनवरचं ओरेन्को स्टेशन ओळखा पाहू कशावरून? ऑरेगन नर्सरी कंपनी! झाडांची रोपं विकणाऱ्या कंपनीची अक्षरं जोडून बनलेलं गाव. बीव्हरटनला उतरलात तर 'वेस' ही उपनगरी रेल्वे मिळते. ती डाउनटाउनला जातच नाही, उपनगरातून उपनगरात!

रेड लाइन नेते थेट विमानतळावर. ती सुरू झाली १० सप्टेंबर २००१ ला. तारीख पुन्हा वाचा. दुसऱ्याच दिवशी न्यूयॉर्कवर हल्ला झाला आणि अमेरिकेतली सगळी विमानं जमिनीवर आली. विमानतळाची नवी कोरी ट्रेन, आणि आकाशात एकही प्रवासी विमान नाही.

त्याच विमानतळाचं एक गालिचावेड आहे. तिथला जुना हिरवट-निळा गालिचा लोकांना इतका प्रिय, की तो बदलायची वेळ आली तेव्हा, २०१५ मध्ये, शहराच्या स्टारलाइट परेडचा प्रमुख पाहुणा म्हणून गालिचालाच बसवलं! लोक त्याच्यावर पाय ठेवून सेल्फी घेत होते, आता तो मिरवणुकीत. आणि २०२४ पासून तिथे सुमारे नऊ एकरांचं लाकडी छत आहे, आसपासच्या जंगलांतल्या लाकडाचं.

खर्च? हॉप कार्ड किंवा मोबाइल टॅप करा. २०२४ च्या दरानं २ डॉलर ८० सेंटमध्ये अडीच तास मॅक्स, बस, स्ट्रीटकार काहीही बदला. दिवसाला ५ डॉलर ६० सेंट कापले गेले की पुढचं फिरणं फुकट.

माहीत आहे का, हे सगळं सुरू कशातून झालं? एका न झालेल्या हायवेतून! १९७० च्या दशकात शहरातून माउंट हूड फ्रीवे नेण्याचा घाट घातला होता. दीड हजाराहून जास्त घरांवर बुलडोझर फिरला असता. लोक उभे राहिले, हायवे रद्द झाला, आणि त्याच्या केंद्रीय निधीतला पैसा सार्वजनिक वाहतुकीकडे वळला. त्यातून १९८६ मध्ये मॅक्स धावली.

क्विझवाल्यांसाठी बोनस

मॅक्सची पहिली गाडी: ५ सप्टेंबर १९८६. वॉशिंग्टन पार्क स्टेशन: १२ सप्टेंबर १९९८. रेड लाइन: १० सप्टेंबर २००१. ग्रीन लाइन: १२ सप्टेंबर २००९. ऑरेंज लाइन आणि तिलिकम क्रॉसिंग: १२ सप्टेंबर २०१५. सप्टेंबर, सप्टेंबर आणि सप्टेंबर, त्यात १२ तारखेची हॅट्ट्रिक!

सप्टेंबरचा नियम मोडला फक्त यलो लाइननं. तिची तारीख: १ मे २००४. थेट महाराष्ट्र दिन!